शिवलेला डोळा आणि कच्ची पावती

मुलुंडमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील पर्जन्यवृक्षाच्या वाळलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी उतरवून देण्याचे काम, महापालिकेची परवानगी हाती आल्यावर, मी आणि माझ्या सहकाऱ्याने स्वीकारले. आमच्या जुन्या दोराचे आवरण घासून केसाळ झाले होते, म्हणून नवा दोर पाहण्यासाठी मी नागदेवीच्या बाजारात गेलो.

तेथील एका विक्रेत्याने 45 मीटर लांबीचा, 12 मिलिमीटर जाडीचा ‘युरोपियन’ दोर दाखवला. त्याच्या एका टोकाला कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवण्यासाठी शिवलेला डोळा, म्हणजे दोर दुमडून शिवलेला फास होता आणि शिवणीवर काळी प्लॅस्टिकची नळी घट्ट बसवलेली होती. प्रुसिक गाठीसाठी (मुख्य दोराभोवती वेढे घेऊन बांधलेली, भार पडताच आवळून धरणारी गाठ) 8 मिलिमीटरची दोरी त्याने वर फुकट दिली. किंमत 9,000 रुपये, म्हणजे चांगल्या दोराच्या जवळपास निम्मी. “साहेब, गाडी लटकवा, तुटायचा नाही,” असे म्हणून तो छताच्या आकड्याला दोर बांधून स्वतःच लोंबकळला, आणि एवढ्यावर मी भुललो. त्याचे बोलणे तसे खोटे नव्हते. स्वस्तातला नवा दोरही एका माणसाचे वजन सहज पेलतो. झाडावर प्रश्न नुसत्या वजनाचा नसून घर्षणाच्या उष्णतेचा, उन्हाचा आणि जोडाच्या जागेचा असतो, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवले नाही.

नवे साहित्य आम्ही आधी कमी उंचीवर तपासतो, ही एकच सवय त्या दिवशी कामी आली. दीड पुरुष उंचीवरून प्रुसिकवर खाली येताना गाठ आधी धरेना, मग घसरली, आणि मी पाय मुरगळून जमिनीवर आलो. गाठीच्या आतील वेढे काचेसारखे चकाकत होते आणि हाताला कडक लागत होते. त्या दोरीचा तुकडा साबणाच्या पाण्यात पिळून त्यातील हवा काढली, तरी तो बादलीत तरंगतच राहिला. नायलॉन आणि पॉलिएस्टर पाण्यात बुडतात. तरंगते ते बहुधा पॉलिप्रॉपिलीन, आणि ते सुमारे 165 अंश सेल्सियसला वितळते, तर पॉलिएस्टर सुमारे 255 अंशांपर्यंत टिकते. जाडी अगदी बरोबर होती (प्रुसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीकच हवी), म्हणून माझा संशय तिकडे गेलाच नव्हता.

मग मुख्य दोराचे टोक कापले. बाहेरचे आवरण चांगले विणलेले होते, परंतु गाभ्याचे धागेही पाण्यावर तरंगले. ईएन 1891 या, उंचीवरील कामाच्या कमी ताणल्या जाणाऱ्या दोरांसाठीच्या युरोपीय मानकाच्या दोरात गाभ्यालगत एक छापील पट्टी सबंध लांबीभर गेलेली असते आणि तिच्यावर उत्पादक, मानकाचा क्रमांक, प्रकार, निर्मितीचे वर्ष व धाग्याचा पदार्थ लिहिलेला असतो. येथे पट्टीच नव्हती. मोजून पाहता लांबीही 41 मीटरच भरली, पण खरा धक्का काळी नळी चिरल्यावर बसला. आत साध्या शिवणाच्या दोऱ्याचे मोजून चार टाके होते आणि बाकी सगळा गोंद. त्या डोळ्यावर मी बारा मीटरवर लटकणार होतो.

दुकानात परत गेलो तेव्हा विक्रेता म्हणाला की हा दोर सामान बांधण्यासाठीच दिला होता. माझ्याकडे कच्ची पावती होती आणि तिच्यावर केवळ ‘रस्सी’ असे लिहिलेले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, परंतु त्या एका शब्दापुढे माझी बाजू लंगडीच पडली. पक्क्या बिलावर दोराचे मानक आणि प्रकार लिहून मागितला असता, तर बहुधा त्याने मला दोर विकलाच नसता.

आता मी दुकानातच टोकाचे आवरण मागे सरकवून पट्टी वाचतो आणि शिवणीवरची नळी अपारदर्शक असेल तर तो डोळा घेतच नाही. त्याऐवजी कॅराबिनरवर आवळून बसणारी डबल फिशरमनची गाठ स्वतः बांधतो. गाठीने दोराची ताकद काही प्रमाणात घटते हे खरे, पण ती गाठ मला दिसते.

तो 41 मीटरचा दोर आम्ही छाटलेल्या फांद्यांच्या मोळ्या बांधायला वापरतो. कोणी चुकूनही त्यावर चढू नये म्हणून पहिल्याच दिवशी त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे केले.