तळातून पाणी घेणारी कुंडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मातीखाली 4 लिटरची टाकी आणि तिच्यातून वर आलेल्या नायलॉनच्या वाती, अशी ही कुंडी. पाणी पुरवण्याचं काम चोख करते. ओलावा एकसारखा राहतो, टोमॅटो तडकायचे कमी होतात. पण माहितीपत्रकात क्षारांबद्दल अवाक्षर नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

वरून पाणी घातलं की जादा पाणी क्षार घेऊन तळाच्या भोकातून निघून जातं. इथे पाणी फक्त खालून वर चढतं. वर त्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. 500 टीडीएसच्या (टीडीएस म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) पाण्यातून लिटरमागे सुमारे अर्धा ग्रॅम, म्हणजे दर टाकीला 2 ग्रॅम क्षार मातीत जातात. रोप त्यातले थोडेच घेतं. खताचे वेगळे.

साध्या कुंडीत वरचा थर वाळला की पाण्याची सलग वाट तुटते. पुढे ओलावा वाफेच्या रूपानेच बाहेर पडतो, त्यामुळे क्षार वर येणं जवळपास थांबतं. या कुंडीत वरची माती वाळतच नाही. म्हणून काही आठवड्यांत कडेला आणि वातीच्या डोक्यावर पांढरी खपली धरते. तिच्यावर व्हिनेगरचा थेंब फसफसला तर तो चुना, म्हणजे कार्बोनेट. न फसफसणारे, विरघळणारे क्षार जास्त त्रासाचे: माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा करपतात. रोप तहानलेलं वाटतं आणि माणूस टाकी पुन्हा भरतो!

उपाय आहे, पण क्रम चुकवू नका. आधी खपलीसकट वरची अर्धा सेंमी माती काढून टाका, नाहीतर धुताना तेच क्षार खाली मुळांत उतरतात. टाकी रिकामी करून बूच उघडा. 10 लिटर मातीला 20 लिटर कमी क्षारांचं पाणी वरून हळूहळू, थोडं थोडं करून द्या. खाली येणाऱ्या पाण्याचा टीडीएस उतरायचा थांबला की पुरे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा हे करावंच लागतं.

त्यानंतर वर खडीचा 3 सेंमी जाड थर पसरा. तिच्यातल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढत नाही, त्यामुळे बाष्पीभवन बरंच कमी होतं. बारीक वाळू मात्र नको, ती पाणी वर ओढते. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) न धुता वापरलं तर सुरुवातच खारट होते.

कमी क्षारांचं पाणी असेल तर कुंडी जरूर घ्या. जास्त क्षारांच्या पाण्यावर घेवडा किंवा स्ट्रॉबेरी लावायची असेल तर घेऊ नका. दोन्ही पिकांना क्षार अजिबात सोसत नाहीत.