दोन घोड्यांचा ट्रेलर ओढायला फोर्ड एफ-१५० : घ्यायच्या आधी दारावरचं स्टिकर वाचा

आधी नेमकी कुठली गाडी ते सांगते, कारण नुसतं एफ-१५० (फोर्डचा पिकअप ट्रक) म्हणून काही कळत नाही, एकाच नावाखाली इतकी इंजिनं, कॅब आणि पॅकेजं आहेत की एकीचे आकडे दुसरीला लागूच पडत नाहीत. आमची २०२१ ची एक्सएलटी व्हेरिएंट, सुपरक्रू म्हणजे चार दारांची मोठी कॅब, साडेपाच फुटी बेड (मागचा सामानाचा हौदा), फोर बाय फोर, ३.५ लिटर इकोबूस्ट म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन आणि जड ट्रेलर ओढण्यासाठीचं मॅक्स ट्रेलर टो पॅकेज. सेकंडहँड घेतली. मागे दोन घोड्यांचा स्टीलचा बंपर पुल ट्रेलर, म्हणजे ट्रकच्या मागच्या बंपरखालच्या हिचला (जोडणीच्या लोखंडी भागाला) लावून ओढायचा. आम्ही टेक्सासमधे ऑस्टिनच्या बाहेर राहतो, मुलगी रायडिंग करते, तिची क्वार्टर हॉर्स जातीची घोडी असते आणि बरेचदा तिच्या मैत्रिणीचा घोडापण सोबत असतो. ट्रक बहुतेक वेळा मीच चालवते.

इथल्या मराठी ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं की मुलांच्या घोड्यासाठी कुठली गाडी बघू, आणि उत्तरं सगळी एकाच आकड्यावर, टोइंग (मागे ओढायची क्षमता) किती, टोइंग किती. फोर्ड २०२१ च्या एफ-१५० साठी जास्तीत जास्त १४,००० पौंड सांगते, आमच्या कॉन्फिगरेशनलाही १२ हजारांच्या वर आहे. खरं सांगू का, दोन घोड्यांसाठी तो आकडा बघून काहीच ठरत नाही, कारण तुम्ही त्याच्या अर्ध्याच्या आसपासच असता. अडतं ते पेलोडवर, म्हणजे खुद्द ट्रकवर किती वजन चालेल त्यावर. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या पांढऱ्या रंगाचं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा त्या एका गाडीचा असतो, ब्रोशरमधला नाही. सनरूफ, मोठी चाकं, भारी सीट्स जितकं लावाल तितका तो कमी होतो. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या तरी दोनतीनशे पौंडांचा फरक आरामात निघतो.

आता आमचा हिशोब बघा. ट्रेलर रिकामा साधारण ३,४०० पौंड, घोडी १,१००, दुसरा घोडा १,०००, खोगिरं, गवत, पाणी मिळून ४०० (पाणी जड असतं, २० गॅलन म्हणजे १६५ पौंडांच्या वर). झाले ५,९००. बंपर पुल ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर पडतो, त्याला टंग वेट म्हणतात, आमचं ७५० धरा. ते सगळं ट्रकच्या पेलोडमधून जातं!! त्यात आम्ही चौघं ६००, हिचचं लोखंड १००, बेडमधलं सामान १५०. बेरीज १,६००. आमच्या दारावरचं स्टिकर १,७२० चं आहे. म्हणजे १२ हजार ओढणारा ट्रक आणि शिल्लक राहिली एकशेवीस पौंडांची. डीलरकडचा सेल्समन हे कधीच सांगत नाही, तो टोइंगचाच आकडा परत परत सांगतो, त्यामुळे आम्ही जे ट्रक बघितले त्या प्रत्येकाचं आधी दार उघडायला लावलं. रॅम १५०० या दुसऱ्या कंपनीच्या पिकअपची राइड मला सगळ्यात आवडली होती, मागे कॉइल स्प्रिंग असल्याने अगदी मऊ, पण जी बघितली तिचं स्टिकर १,३०० च्या आत होतं, विषय संपला.

आधी घरात टोयोटा हायलँडर ही एसयूव्ही होती, तिची ओढायची मर्यादा ५,००० पौंड, आणि बरेच जण म्हणतात की एकच घोडा न्यायचाय ना मग चालेल की. कागदावर बसतं, ३,४०० अधिक ११०० अधिक थोडं सामान. पण ट्रेलर उंच असतो, वारा आडवा लागतो, गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) छोटा, आणि आतलं वजन जिवंत असतं, ते हलतं, पाय आपटतं, वळणावर स्वतःला सावरायला एका बाजूला भार टाकतं. तेवढीच खडी किंवा विटा भरून नेणं वेगळं आणि घोडा नेणं वेगळं. मी एसयूव्हीने घोडा नेणार नाही आणि कोणाला न्या असं सांगणारही नाही.

बरं ओढण्याबद्दल. ४०० हॉर्सपॉवर, ५०० पौंड-फूट टॉर्क, १० गिअर, त्यामुळे फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूला जाताना २९० वर जे चढ लागतात तिथे इंजिन कधी रडत नाही. पण मला हा ट्रक आवडतो तो उतारावर. टो हॉल मोड (ओझं ओढतानाची सेटिंग) लावला की ब्रेकवर पाय ठेवताच तो स्वतःहून खालचा गिअर टाकतो आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं. रिकामा ट्रक साधारण ५,००० पौंड आणि मागचा ट्रेलर ५,९००, म्हणजे मागचं पुढच्यापेक्षा जड आहे, अशा वेळी पळण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात (टेक्सासमधे ४,५०० पौंडांच्या वर ट्रेलरला ब्रेक कायद्यानेच लागतात) आणि ते ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरने चालतात. आमच्यात तो कंपनीचाच डॅशबोर्डमधे आहे, सेकंडहँड घेताना हे नक्की बघा, सगळ्या ट्रकमधे नसतो. घोडे चढवले की मी रिकाम्या रस्त्यावर २० च्या स्पीडला हाताने ट्रेलरचे ब्रेक दाबून बघते आणि गेन, म्हणजे ते किती जोरात लागावेत ते, सेट करते. जास्त ठेवलं तर झटका बसतो, घोडा आत धडपडतो, आणि एकदा धडपडलेला घोडा पुढच्या वेळी ट्रेलरमधे चढायलाच तयार होत नाही, त्याला कोण समजावणार.

अजून एक स्टिकर आहे जे कोणीच वाचत नाही, मागे हिच रिसीव्हरवरचं. त्यावर स्पष्ट लिहिलंय की साध्या बॉलवर ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि ५०० टंग वेट, त्याच्या वर असेल तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (वजन वाटून देणारी हिच) लावा. म्हणजे दोन घोड्यांना तो लागणारच. त्याने ट्रकची मागची बाजू बसत नाही, पुढच्या चाकांवर वजन परत येतं, स्टिअरिंग हलकं वाटत नाही. फक्त ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीला तो चालतो का हे आधी विचारा, काहींना चालत नाही. सगळं जोडून झाल्यावर ट्रक स्टॉपवर कॅट स्केल हा वजनकाटा असतो तिथे घोड्यांसकट वजन करा, प्रत्येक अ‍ॅक्सलचं वेगळं कळतं. आणि दोघांपैकी जड घोडा डावीकडे, एकटा असेल तरी डावीकडेच, कारण इथे रस्ता मधे उंच आणि उजव्या कडेला उतरता असतो.

रिव्हर्ससाठी फोर्डने एक गोल नॉब दिलाय, तो फिरवायचा, स्टिअरिंग ट्रकच बघतो. आधी मला नको वाटत होतं पण शोच्या मैदानावर पन्नास ट्रेलर दाटीने उभे असतात तेव्हा फार उपयोगी पडतं. टो मिरर मोठे आहेत, छान. पेट्रोल मात्र पितो, ट्रेलर लावला की गॅलनला ९-१० मैल, ३६ गॅलनची टाकी आहे म्हणून निभतं. एफ-१५० च्याच इलेक्ट्रिक लाइटनिंगचा विचार केलेला, पण ट्रेलर लावल्यावर रेंज जवळपास अर्ध्यावर येते आणि चार्जिंगला घोड्यांसकट ऊन्हात उभं राहायचं, टेक्सासच्या ऑगस्टमधे, नकोच.

शहाद्याचा मामा विचारतो एवढं सगळं कशाला, सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे पिकअपमधे उभे करूनच येतात ना. त्याचं बरोबर आहे, तिथे घोडा गाडीच्या वरच असतो, मागे ओढला जात नाही, त्यामुळे हिच, टंग वेट, डुलणं हे प्रश्नच येत नाहीत. इथे ताशी ७० मैलांच्या रस्त्यावर मागून झुलणारं वजन सांभाळायचं असतं.

दोन घोडे, साधा बंपर पुल, वीकेंडचे शो, यासाठी हा ट्रक मला पूर्ण पसंत आहे, पाचपैकी साडेचार. अर्धा पेलोडसाठी कापला. तीन घोड्यांचा स्लँट लोड (घोडे तिरपे उभे राहतात असा) आणि पुढे ड्रेसिंग रूम असलेला ट्रेलर घ्यायचा असेल तर मात्र याच्याकडे बघू नका, टंग वेटच हजाराच्या पुढे जाईल, सरळ एफ-२५० (फोर्डचाच जास्त जड कामाचा ट्रक) किंवा त्या वर्गातला दुसरा ट्रक बघा. तो रिकामा असताना रोज ऑफिसला न्यायला कडक लागतो, म्हणून आम्ही घेतला नाही, आणि मुलगी कॉलेजला जाईपर्यंत तिसरा घोडा घ्यायचा नाही असं घरात ठरलंय.