व्हिडिओ कॉलवरून घेतलेला कुटुंबाधारित उपचार: एका पालकाचे परीक्षण

11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले, तेव्हा आमची मुलगी चौदा वर्षांची होती आणि तिच्या जेवणात काही बिघडले असल्याची आम्हाला शंकाही नव्हती. शाळा, मैदान, मैत्रिणी सगळे एका आठवड्यात बंद झाले. मोकळ्या पडलेल्या दिवसावर तिने व्यायामाचे आणि खाण्याचे कडक वेळापत्रक बसवले आणि आम्ही सुरुवातीला त्या शिस्तीचे कौतुक केले. चार महिन्यांनी ॲनोरेक्सिया नर्व्होसाचे, म्हणजे वजन वाढण्याच्या तीव्र भीतीने खाणे कमी करत जाण्याच्या मानसिक आजाराचे, निदान झाले. (वजनाचे आणि कॅलरींचे आकडे येथे मुद्दाम दिलेले नाहीत, हे परीक्षण त्याच वयाची आजारी मुलेही वाचू शकतात.)

प्रत्यक्ष उपचारांसाठी प्रतीक्षायादी लांबलचक होती. गर्दी सर्वत्रच वाढली होती, हे पुढे समजले: कॅनडातील सहा बालरुग्णालयांच्या अभ्यासात या आजाराच्या नव्या निदानांची मासिक सरासरी महासाथीपूर्वी 24.5 होती, ती 2020 मधील पहिल्या लाटेत 40.6 झाली आणि रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची सरासरी 7.5 वरून 20 वर गेली. म्हणून व्हिडिओ कॉलवरून कुटुंबाधारित उपचार देणाऱ्या एका केंद्राची सेवा आम्ही घेतली आणि ती सुमारे वर्षभर चालली.

ही पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात विकसित झाली. आजार कोणामुळे झाला याचा शोध न घेता, मूल सुधारेपर्यंत त्याच्या जेवणाची जबाबदारी आईवडिलांनी उचलायची, वजन सावरू लागले की ती हळूहळू मुलाकडे परत द्यायची आणि शेवटी किशोरवयाच्या इतर प्रश्नांकडे वळायचे, असे तिचे तीन टप्पे आहेत. दुसऱ्या सत्रात थेरपिस्टसमोर कुटुंबाने एकत्र जेवायचे असते. एरवी त्यासाठी डबा घेऊन दवाखान्यात जावे लागते; आमच्या बाबतीत लॅपटॉप जेवणाच्या टेबलाच्या टोकाला ठेवला होता आणि थेरपिस्टना आमचे रोजचेच टेबल दिसत होते. मुलगी एकच घास ताटात इकडून तिकडे सरकवत होती, तिचे बाबा तिला आहारशास्त्र समजावत होते आणि मी हळूच तिच्या ताटातले कमी करत होते. थेरपिस्टनी मला माझ्याच हाताकडे पाहायला सांगितले. ते कमी केलेले मी परत वाढले, वाद थांबवला आणि "एवढे खाल्ल्याशिवाय आपण उठणार नाही" हे एकच वाक्य शांतपणे म्हणत राहिलो. त्या जेवणाला दीड तास लागला. दवाखान्यातल्या परक्या खोलीत माझा हात असा पकडला गेला नसता, असे मला आजही वाटते. या सेवेला मी सर्वाधिक गुण देते ते याच सत्रासाठी.

पडद्यावर सतत स्वतःचा चेहरा दिसणे मात्र या आजारात जाच ठरते. मुलगी तासभर थेरपिस्टकडे नव्हे, स्वतःच्या गालांकडे पाहत असे. आपली चौकट लपवण्याची सोय त्या ॲपमध्ये होती, पण ती वापरा हे आम्हाला पाचव्या सत्रात सांगण्यात आले. ते पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

याहून गंभीर उणीव वजनाची. या उपचारात थेरपिस्ट प्रत्येक सत्राआधी स्वतः वजन घेतात. इथे ते काम आमच्याकडे आले. एका सकाळी आकडा बराच वाढलेला दिसला, तो कॅमेऱ्यापुढे वाचून दाखवला आणि सगळ्यांनाच हायसे वाटले. आकडा खरा नव्हता. तो कसा वाढला हे येथे लिहीत नाही. तीन दिवसांनी चक्कर आली म्हणून जवळच्या डॉक्टरांकडे नेले, तर दिवसा, जागेपणी तिची नाडी मिनिटाला 50 च्या खाली होती आणि त्यांनी लगेच रुग्णालयात दाखल करायला लावले. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, त्यामुळे तिथे रोज रक्त तपासून आहार वाढवला गेला. नाडी, आडवे असताना आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब, रक्ततपासणी यांपैकी काहीही कॅमेऱ्यातून होत नाही, आणि त्याची पर्यायी व्यवस्था केंद्राने सुरुवातीलाच बंधनकारक केली नव्हती, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

तरीही रुग्णालयातून आल्यावर आम्ही याच सेवेकडे परतलो, कारण दिवसाचे प्रत्येक खाणे घरातच होत असल्याने थेरपिस्टचे म्हणणे लगेच पुढच्या जेवणात वापरता येत होते. ज्या घरात दोघांपैकी एकाला तरी प्रत्येक जेवणाला बसणे शक्य आहे आणि मुलाची शारीरिक तपासणी जवळच्या डॉक्टरांकडे नियमित होत आहे, त्या घराला ही सेवा मी सुचवेन. प्रकृती अस्थिर असलेल्या मुलासाठी मुळीच नाही. केंद्राने आता पंधरवड्यातून एकदा प्रत्यक्ष तपासणी सक्तीची केली आहे. मात्र तिच्या नोंदी थेरपिस्टपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. अहवालाचा फोटो काढून सत्राआधी पाठवण्याचे काम अजूनही पालकांनाच करावे लागते.