साध्या सायकलला हब मोटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी सेट काय आहे ते सांगतो. मागच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॅटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी), मोटरला जाणारी वीज सांभाळणारा १५ अँपिअरचा कंट्रोलर, ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, पेडल मारताच मोटर सुरू करणारा पेडल असिस्टचा सेन्सर, अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल आणि दाबताच मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर. सायकल २६ इंची, स्टीलच्या फ्रेमची, सात गिअरची. वजन साडेसहा-सात किलोंनी वाढलं. त्यात मोटर अडीच-तीन किलो, बॅटरी जवळपास तेवढीच आणि उरलेलं किरकोळ सामान.

हे सगळं सामान एकत्र मिळतं ते किट घेताना सगळे मोटरवरच खल करतात, पण रोजच्या वापरात मोटर बिचारी निमूट चालते. त्रास देतं ते तिच्या आजूबाजूचं: ॲक्सल फ्रेममध्ये किती घट्ट बसलाय, स्पोकना ताण आहे का आणि वायरींचे जोड कुठे लटकतायत. म्हणून हा अनुभव मोटरपेक्षा या तीन गोष्टींबद्दलच जास्त आहे.

पुढचं चाक की मागचं, याचं उत्तर पुढच्या चिमट्यावर (फोर्कवर) अवलंबून आहे. पुढे मोटर लावणं सोपं: फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा गिअरच्या चकत्यांचा संच) नाही, चेन नाही, फक्त चाक बदलायचं. पण चिमटा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा सस्पेन्शनचा असेल तर पुढे मोटर लावूच नका. ॲक्सल जिथे बसतो ती खाच तिथे ठिसूळ ओतीव धातूची असते. ती आधी वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते, आणि पुढचं चाक निसटलं तर दात वाचत नाहीत. चिमटा स्टीलचा असेल तर पुढची मोटर चालते, मात्र ओल्या रस्त्यावर आणि बारीक खडीवर चढाला ते चाक जागच्या जागी फिरतं. मागे वजन असतं, त्यामुळे पकड मिळते. घेण्यापूर्वी खाचेच्या आतल्या दोन बाजूंमधलं अंतर मोजा. पुढे ते बहुतेक १०० मिमी असतं, मागे गिअरच्या सायकलला १३५, जुन्या रोड सायकलला १३० किंवा १२६ आणि बिनगिअरच्या सायकलला ११० ते १२०. स्टीलची फ्रेम पाच-सहा मिमी फाकवता येते. अ‍ॅल्युमिनियमची फाकवायची नाही.

आता ॲक्सल. साध्या चाकाचा ॲक्सल फक्त वजन पेलतो. हब मोटरमध्ये ॲक्सल स्थिर असतो आणि बाहेरचं कवच फिरतं, त्यामुळे मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे फिरवते तेवढ्याच जोराने ॲक्सल उलटा फिरू पाहतो. त्याला अडवतात ते ॲक्सलच्या दोन बाजूंचे १० मिमी अंतरावरचे सपाट कट. मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३५ न्यूटन-मीटर धरला तर सेंटीमीटरभर अंतरावर तो अडवायला सुमारे साडेतीन हजार न्यूटन लागतात, म्हणजे खाचेच्या कडांवर साडेतीनशे किलोंचा भार. दर वेळी थ्रॉटल दाबला की हाच हिसका. नट जरा जरी ढिला असला तर कडा हळूहळू गोल होत जातात, आणि एक दिवस ॲक्सल गर्रकन फिरतो. चाक निसटतं ते वेगळंच, ॲक्सलमधून बाहेर येणारी वायरही पिळवटून तुटते. मग मोटर उघडून नवी केबल ओवण्याशिवाय गत्यंतर नसतं.

यावर उपाय म्हणजे टॉर्क आर्म: एका टोकाला ॲक्सलवर बसणारी आणि दुसऱ्या टोकाला फ्रेमला बांधायची पट्टी. तो साधारण १०० मिमी लांब असेल तर दुसऱ्या टोकाला फ्रेमच्या पाइपवर फक्त साडेतीनशे न्यूटन येतात, म्हणजे चांगल्या क्लॅम्पला सहज पेलतील इतके. किटमधला पातळ पत्र्याचा आर्म नुसता दिखाऊ असतो. किमान ५-६ मिमी जाडीचा स्टीलचा घ्या आणि त्याचं भोक ॲक्सलवर हलत नाही ना, ते हाताने हलवून पाहा. खाच अरुंद असेल तर कानसने घासावी लागते. पण दोन-तीन फटके मारायचे आणि ॲक्सल घालून बघायचा, कारण जास्त घासलं तर जो ढिलेपणा टाळायचा तोच आपण करून ठेवतो. वॉशरचा क्रम असा: टोकवाला वॉशर खाचेत अडकवून, मग टॉर्क आर्म, सपाट वॉशर आणि शेवटी नट. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरने आवळा. नटावरून फ्रेमवर मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ मोडलेली दिसली की नट सरकलाय हे पाना न लावताच कळतं. पहिले ५० किमी झाल्यावर एकदा आवळायचा, मग महिन्याकाठी रेघ पाहायची.

मोटरसह भरून आलेलं चाक दिसायला सरळ असतं, पण त्याच्या स्पोकना ताण कमी असतो. मोटरची फ्लँज (स्पोक अडकतात ती कड) मोठी, म्हणून स्पोक आखूड. ढिला स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खालच्या बाजूला आल्यावर सैल पडतो आणि वर गेल्यावर पुन्हा ताणला जातो. या सततच्या ये-जा करण्याने तो फ्लँजजवळच्या वाकलेल्या मानेपाशी थकून तुटतो. म्हणून ‘ताण जास्त दिला तर स्पोक तुटेल’ ही समजूत उलटी आहे. शेजारचे दोन स्पोक चिमटीत दाबून पाहा. सगळे सारखे कडक लागले पाहिजेत. शे-दीडशे किमी झाले की प्रत्येक निपल (स्पोकचा रिमजवळचा बारीक नट) पाव फेरा आवळायचा आणि मग चाकाचा आऊट (डगमग) काढायचा. हे एकदा नीट झालं की पुढे क्वचितच हात लावावा लागतो. एक स्पोक तुटला तर तसंच चालवू नका, शेजारचे पाठोपाठ जातात. किटबरोबर त्याच मापाचे चार स्पोक मागून घ्या, कारण ही आखूड मापं सायकलच्या दुकानात सहसा नसतात.

मागच्या गिअरवाल्या मोटरला बहुतेक वेळा आट्यांचं फ्रीव्हील लागतं, खाचांवर सरकवून बसवायची कॅसेट बसत नाही. गिअर शिफ्टरचा मेळ त्याप्रमाणे बघा. सर्वात लहान चकतीवर चेन फ्रेमला घासत असेल तर ॲक्सलवर आतून एक-दोन मिमीचा वॉशर टाकला की सुटते.

पेडल असिस्टचा सेन्सर म्हणजे क्रँकच्या ॲक्सलवर बसणारी चुंबकांची चकती आणि तिच्या समोरचा हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा). दोघांमध्ये दोन-तीन मिमी अंतर हवं. चकतीवर बाण असतो. ती उलटी बसली तर पुढे पेडल मारताना मोटर गप्प राहते आणि मागे फिरवलं की सुरू होते. पाच-सहा चुंबकांच्या चकतीपेक्षा बारा चुंबकांची घ्या, कारण सुरुवातीचा उशीर कमी होतो. हा सेन्सर पाय फिरतायत एवढंच ओळखतो, किती जोर लावताय ते त्याला कळत नाही. त्यामुळे पाय थांबले तरी मोटर क्षणभर ओढत राहते आणि वळणावर किंवा गर्दीत हा क्षण फार मोठा वाटतो. करंट तोडणारे ब्रेक लिव्हर म्हणूनच हवेत, ते वगळून पैसे वाचवू नका.

वेगाचं गणित मोटर मागवण्यापूर्वीच करून ठेवा. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. मोकळ्या चाकाला मिनिटाला २०१ फेरे देणारी मोटर म्हणजे ताशी २५ किमी, २६० फेऱ्यांची म्हणजे ३२ किमी. माणूस बसल्यावर त्यातून १५-२० टक्के वजा. जास्त वेगाची मोटर घ्यायचा मोह होतो, पण चढ असतील तर कमी फेऱ्यांचीच बरी. मोकळ्या वेगाच्या निम्म्याखाली मोटर रखडायला लागली की बॅटरीतली जवळपास निम्मी शक्ती उष्णतेत जाते. सायकल आणि माणूस मिळून १०० किलो धरा. ६ टक्के चढावर ताशी १५ किमीने जायचं तर चाकाशी सुमारे ३०० वॅट लागतात. मोटरने दोनशे दिले आणि पायांनी शंभर, तर ती आरामात चढते. सगळा भार तिच्यावर टाकून ताशी ८ किमीने रांगवलीत तर कवचाला हात लावता येणार नाही इतकी तापते. चढ सुरू होण्याआधीच हलक्या गिअरवर या.

उभ्या उभ्या थ्रॉटल दाबून निघायची सवयही सोडा. मोटरच्या आतल्या नायलॉनच्या गिअरचे दात झिजतात ते याच धक्क्यांनी. दोन पेडल मारून मग मोटर. मोटरचा मऊ गुणगुण आवाज नेहमीचाच. तो खरखरीत झाला किंवा जोर लावल्यावर आतून टकटक आली तर दात किंवा क्लच (मोटर बंद असताना चाक पुढे मोकळं फिरू देणारा भाग) तपासायची वेळ आली.

बॅटरी ३६० वॅट-तासांची, त्यातले सव्वातीनशेच्या आसपास खरे वापरता येतात. सपाट रस्त्यावर पाय चालवत ताशी २० ने गेलं तर किलोमीटरला साधारण सात वॅट-तास खर्च होतात, म्हणजे ४५ किमीपर्यंत. २५ ने गेलं की वाऱ्याचा विरोध वाढतो आणि खर्च नऊ-दहावर जातो. थांबत-निघत नुसत्या थ्रॉटलवर पंधरा, म्हणजे जेमतेम २१ किमी. जाहिरातीतला आकडा या तिन्हींतल्या सर्वांत सौम्य परिस्थितीचा असतो.

हँडलवरच्या चार दिव्यांवर विसंबू नका. छोटा व्होल्टमीटर लावा. सायकल उभी असताना ४२ म्हणजे पूर्ण, ३७ म्हणजे निम्मी, ३४ च्या खाली म्हणजे घर गाठा. चढावर करंट वाढला की व्होल्टेज दोन-तीनने खाली बसतं आणि कंट्रोलर ३१ च्या आसपास मोटर बंद करतो. म्हणून उतारावर ठीक असलेली बॅटरी चढावर अचानक ‘मेल्यासारखी’ वाटते आणि मिनिटभराने परत येते. हा बिघाड नव्हे. चार्जर ४२ व्होल्टचाच हवा. लोह-फॉस्फेट या वेगळ्या प्रकारच्या लिथियम पॅकचे ४३.८ व्होल्टचे चार्जर तसेच दिसतात, पण या बॅटरीला ते घातक. रोज ९० टक्क्यांवर थांबवलं तर सेल जास्त टिकतात, मात्र अधूनमधून पूर्ण भरू द्या, कारण सेल समान करायचं काम बीएमएस (बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट) बहुधा शेवटच्या टप्प्यातच करतो. बॅटरी गरम असताना किंवा शून्य अंशाखाली चार्जिंग नको. बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी भरून ठेवा.

बॅटरी मागच्या कॅरिअरवर ठेवली की सायकल शेपूट हलवते. खालच्या तिरक्या पाइपवर ती छान बसते, पण बाटलीच्या दोन स्क्रूंवरच तिचा भरवसा ठेवू नका, पाइपभोवती एक क्लॅम्प जादा घाला.

पावसात मोटरला फारसं काही होत नाही, पाणी शिरतं ते जोडांतून. मोटरची केबल ॲक्सलपासून आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न ओघळता खालच्या वळणावर गळून पडतं. गोल वॉटरप्रूफ जोडांवर दोन बाण असतात. ते समोरासमोर आणून सरळ दाबा. पिळून बसवलं की पिना वाकतात. कंट्रोलरच्या वायरी खालच्या बाजूने बाहेर काढा.

मोटर थरथरत निघायला लागली, गुरगुरते पण जोर देत नाही, तर आधी मोटरच्या आतल्या हॉल सेन्सरच्या बारीक वायरी तपासा. मल्टीमीटरने काळ्या-लाल वायरींवर ५ व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि चाक हाताने हळू मागे फिरवताना पिवळी, हिरवी, निळी यांच्यावर आकडा शून्य आणि पाचच्या आसपास उड्या मारायला हवा. एखादीवर स्थिर राहिला तर ती वायर किंवा तो सेन्सर गेला. बंद सायकलचं चाक मागे ढकलताना अडत-अडत फिरत असेल तर मोटरच्या तीन जाड वायरींचा जोड काढा. चाक मोकळं झालं तर कंट्रोलरमधला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे, मोटर शाबूत आहे.

ब्रेकचे रबर आधीपेक्षा लवकर झिजतात, तेवढं धरूनच चला.

मागच्या चाकाचं पंक्चर हे मात्र खरोखर कटकटीचं काम. चाक काढायचं तर केबलचा जोड सोडा, झिप टाय कापा, टॉर्क आर्म आणि मग नट. म्हणून चाक न काढता टायरची एक बाजू रिमवरून उतरवून ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढून पॅच लावा. काटा टायरमध्येच रुतलेला असेल तर आधी तो काढा. तरीही बॅगेत नटाच्या मापाचा पाना, बहुधा १८ मिमीचा, आणि दोन-चार झिप टाय ठेवा. चाक उतरवावंच लागलं तर परत बसवताना वॉशरचा क्रम चुकू नये म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.