डीआर पॅनल आणि आपल्याकडचा उन्हाळा: सात महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत आमच्या एक्स-रे सेंटरला वायरलेस डीआर पॅनल (फिल्मऐवजी एक्स-रेची इमेज थेट कॉम्प्युटरवर पाठवणारी डिजिटल पाटी) आलं, आता सप्टेंबर चालू आहे. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. इमेज झकास येते, त्यात वादच नाही, मी फक्त तापमानाचं लिहून राहिलो कारण घेताना त्यावर कोणी बोललंच नाही.

बसवायला आलेला माणूस म्हणे रूममध्ये कूलर असला तरी चालते. नाही चालत भाऊ. कूलरची हवा ओली, आणि आतल्या सीझियम आयोडाइडला (एक्स-रेचा उजेड करणारा थर) ओल अजिबात सोसत नाही, पॅनल सील असलं तरी रिस्क काहून घ्यायची? आमच्या मॅन्युअलमध्ये १० ते ३५ डिग्री लिहिलेलं आहे, ते मी फार उशिरा वाचलं.

एप्रिलच्या शेवटी भर दुपारी लाइट गेली. जनरेटरवर मशीन चालली, एसी नाही, रूम ३८ वर. एक बाबाजी एसटीने खोकला घेऊन आले, छातीचा एक्स-रे काढला तर उजवीकडे खाली धुरकट पट्टा. डॉक्टर म्हणाले परत काढ. परत तोच पट्टा. मग बाबाजींना बाहेर बसवलं, रिकाम्या पॅनलवर एक्स्पोजर मारलं, तर पट्टा तिथंच! पॅनलमधलं सिलिकॉन तापलं की एक्स-रे न पडताही त्यातून करंट झिरपते, त्याला डार्क करंट म्हणतात, आणि सकाळी २४ डिग्रीवर घेतलेला ऑफसेट (एक्स-रे न मारता घेतलेली कोरी इमेज, ती खऱ्या इमेजमधून वजा होते) दुपारी वजा होत होता, मग जास्तीचं सगळं इमेजमध्ये उतरणारच. बाबाजींना एक डोस फुकट गेला, ते मला अजून लागून आहे.

आता एसी पहाटेपासून २४ वर, पॅनल तासभर चालू राहिलं की मगच ऑफसेट, आणि दुपारी दोनला परत एकदा. आमच्यात ते हातानेच करावं लागते. एसीला वेगळा स्टॅबिलायझर घेतला, बिल वाढलं पण रिपीट जवळपास बंद झाले. स्टँडजवळ घड्याळाच्या दुकानातला तापमान-ओल दाखवणारा मीटर टांगला, तो सगळ्यात कामाचा. कॅम्पला जाताना पॅनल जीपच्या डिक्कीत नाही, मांडीवर. पावसाळ्यात उलटं, थंड रूममधून व्हरांड्यात आणलं की वर दव धरते, म्हणून बॅगेतच अर्धा तास राहू देतो, पुसून चालू करायची घाई नाही.

एक मागणी आहे. पॅनलच्या आतलं तापमान सर्व्हिस मेनूत लपलेलं आहे, पासवर्ड इंजिनिअरकडे. ते साध्या स्क्रीनवर, एक्स्पोजरच्या बटनाशेजारी दाखवा.