वाफेच्या इंजिनासाठी मदत करायचीय, पण कुणाला आणि कशी?

वाफेच्या इंजिनांचं वेड असलेल्या माणसाला कुठे मदतीचं आवाहन दिसलं की त्याचा हात खिशाकडे जातोच. आणि बहुधा ज्याचा फोटो सर्वांत देखणा, पैसे त्यालाच मिळतात.

अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक कंपनीचं 'बिग बॉय' क्रमांक ४०१४ घ्या. १९४१ सालचं हे धूड १९६१ मध्ये निवृत्त झालं आणि पुढे पन्नासेक वर्षं संग्रहालयात उभं राहिलं. २०१३ मध्ये कंपनीने ते परत घेतलं आणि २०१९ मध्ये पुन्हा रुळांवर आणलं. खर्च कंपनीचा, मिरवणंही कंपनीचं. बघायला जरूर जावं, पण आपल्या वर्गणीवाचून त्याचं काही अडलेलं नाही. उलट एखाद्या छोट्या लाइनवरचं, कुणी नावही न ऐकलेलं टँक इंजिन (पाणी-कोळसा वेगळ्या डब्यात न ठेवता स्वतःवरच वाहणारं) केवळ बॉयलरच्या नळ्या बदलायला पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं शेडच्या मागे पडून असतं. माझं सरळ म्हणणं आहे की आवड बाजूला ठेवून अडचण बघावी. ती कुठे कशी असते, ते पर्याय समोरासमोर ठेवूनच कळतं.

चालतं इंजिन की उभं इंजिन

चालत्या इंजिनाचा पैसा कोळसा खातो असं बाहेरच्याला वाटतं. खरा खादाड बॉयलर. ब्रिटनमध्ये बॉयलरला साधारण दहा वर्षांची मुदत मिळते. ती संपली की इंजिन थंड. अमेरिकेत हिशेब वेगळा आहे: प्रत्यक्ष वापराचे १४७२ दिवस किंवा १५ वर्षं, जे आधी भरेल ते. मग बॉयलर चौकटीवरून उचलायचा, वरचं आवरण सोलून काढायचं, सगळ्या नळ्या कापून बाहेर ओढायच्या आणि पत्र्याची जाडी जागोजाग मोजायची. फायरबॉक्सची, म्हणजे आग जळते त्या पेटीची, आतली भिंत आणि बाहेरचं कवच यांना धरून ठेवणारे शेकडो स्टे, म्हणजे धातूचे आखूड दांडे, असतात. जाणता फिटर एकेकावर हातोडीने टकटक करत जातो. शाबूत स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. गंजलेला पत्रा कापून नवा बसवला, नळ्या भरल्या, की बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून दाब देतात. पाणी वाफेसारखं फुलत नाही, त्यामुळे कुठे सांधा गेलाच तर स्फोट होत नाही, नुसती गळती होते. त्यात पास झाल्यावर वाफेची चाचणी.

हे कागदी सोपस्कार नाहीत. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गच्या एका पर्यटक गाडीच्या इंजिनात पाणी फार खाली गेलं, फायरबॉक्सचं छत तापून खचलं आणि इंजिनावरची तिन्ही माणसं भाजली. अमेरिकेतले आजचे नियम त्यानंतर कडक झाले.

तेव्हा चालत्या इंजिनाला दिलेले पैसे डोळ्यांना दिसतील अशी आशा धरू नये. ते नळ्यांत, स्टेमध्ये आणि तपासणीत जातात. पण त्या बदल्यात दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे तिकिटाचं उत्पन्न, जे उभ्या इंजिनाला फारसं मिळत नाही. दुसरी, मला जास्त महत्त्वाची वाटणारी, म्हणजे हात तयार राहतात. आग कुठे पातळ पसरायची, चढ येण्याआधी पाणी किती वर घेऊन ठेवायचं, मोठं इंजिन असेल तर आदल्या दिवशीच आग पेटवून बॉयलर सावकाश का तापवायचा, हे पुस्तक वाचून येत नाही. इंजिन चालवायचं थांबलं की एका पिढीत ही विद्या संपते.

याची दुसरी बाजूही खरी आहे. चालणारं इंजिन झिजतं, आणि झिजलेला प्रत्येक भाग बदलला की मूळ धातू तेवढा कमी होतो. म्हणून काही इंजिनं चालवू नयेत हेच बरं. स्टीफन्सन यांचं १८२९ सालचं 'रॉकेट' संग्रहालयात आहे आणि धावण्याची हौस १९७९ साली बांधलेली त्याची प्रतिकृती भागवते. वाफेवर ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम १९३८ साली करणारं 'मॅलार्ड' यॉर्कमध्ये छताखाली उभं आहे, आणि ते तिथेच राहावं असं माझं मत आहे. भारतातली 'फेअरी क्वीन' मात्र १८५५ सालची असूनही १९९७ मध्ये पुन्हा धावली. हौस म्हणून ठीक, पण एवढं जुनं यंत्र रोज राबवायचं ते नव्हे.

उभ्या इंजिनाला खर्च नसतो हा मोठा गैरसमज. उघड्यावर ठेवलेलं इंजिन आतून मरतं. धुराड्याखालच्या स्मोकबॉक्समध्ये राख राहिली आणि तिच्यात पावसाचं पाणी गेलं की राखेतल्या गंधकामुळे तळाचा पत्रा चाळणीसारखा होतो. बाहेरून मात्र चकचकीत काळा रंग. जुन्या इंजिनांच्या आवरणाखाली ॲस्बेस्टॉस असतं, ते काढायला तज्ज्ञ माणसं लागतात. पितळी भाग चोरीला जातात ते वेगळंच. म्हणून चौकात किंवा बागेत उभ्या असलेल्या इंजिनासाठी कुणी पैसे मागत असेल तर मी एकच विचारेन: छप्पर बांधताय की रंग लावताय? छपराला द्यावेत. रंगाला देऊ नयेत.

सर्वांत फसवा प्रकार या दोन्हींच्या मधला: 'एक दिवस चालेल' म्हणून ताडपत्रीखाली ठेवलेलं इंजिन. वेल्समधल्या बॅरीच्या वुडहॅम भंगारयार्डातून १९६८ ते १९९० या काळात २१३ इंजिनं वाचवली गेली. मालकाने आधी वॅगनी तोडायला घेतल्या, म्हणून इंजिनं उरली होती. ब्रिटनमधल्या संवर्धन चळवळीला केवढा तरी आधार त्या यार्डाने दिला. पण त्यांतली काही आजही सुट्या तुकड्यांत पडलेली आहेत, कारण विकत घेण्याएवढे पैसे उत्साहात गोळा झाले आणि दुरुस्तीचे झालेच नाहीत. इंजिन विकत घेण्यासाठीच्या आवाहनापेक्षा दुरुस्तीच्या आवाहनाला मी नेहमी झुकतं माप देतो.

जुनं दुरुस्त करायचं की नवं बांधायचं

इथे दोन नावं शेजारी ठेवण्यासारखी आहेत. 'फ्लाइंग स्कॉट्समन' १९२३ सालचं. ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते २००४ मध्ये २३ लाख पौंडांना घेतलं. २००६ मध्ये दुरुस्तीला काढलं आणि २०१६ मध्ये ते परत धावलं, तोवर सुमारे ४२ लाख पौंड लागले होते. उघडत जावं तशी नवी दुखणी निघत गेली. जुन्या इंजिनाचं हे असंच असतं: अंदाजपत्रक बाहेरून बघून केलेलं असतं आणि रोग आत असतो.

दुसरं 'टोर्नाडो'. त्याच्या वर्गाची मूळ ४९ इंजिनं होती, सगळी भंगारात गेली. १९९० मध्ये काही शौकिनांनी पन्नासावं नव्याने बांधायचं ठरवलं. २००८ मध्ये ते पूर्ण झालं, खर्च सुमारे ३० लाख पौंड. बॉयलर बांधला जर्मनीतल्या माइनिंगेनच्या कारखान्यात, कारण एवढा मोठा बॉयलर बांधायला तेव्हा ब्रिटनमध्ये कुणी उरलंच नव्हतं म्हणा ना. हौशी लोकच असलं काही करतात असंही नाही. निलगिरीच्या चढावरच्या दातेरी रुळांच्या मार्गासाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने एक्स वर्गाची नवी वाफेची इंजिनं बांधली, ती रोजच्या गरजेपोटी.

आकडे शेजारी ठेवले तर नवं बांधणं स्वस्त दिसतं. पण १८ वर्षं वाट बघायची तयारी हवी, आणि बांधून झाल्यावर दहा वर्षांनी बॉयलर त्यालाही उचलावा लागतोच. शिवाय मुख्य मार्गावर धावायचं तर नव्या डिजिटल सिग्नलची उपकरणं इंजिनावर बसवायची. 'टोर्नाडो'वर तो प्रयोग झालाय. माझा कौल: चौकट आणि चाकं रुळांवर उभी दिसत असतील तरच नव्या इंजिनाला पैसे द्यावेत. नुसती सुबक रेखाचित्रं आणि नावाची पाटी एवढ्यावर देऊ नयेत.

पैसे कोणत्या वाटेने

'टोर्नाडो'चं यश इंजिनात कमी आणि वर्गणीच्या पद्धतीत जास्त होतं. आठवड्याला एक ग्लास बिअरच्या किमतीएवढे पैसे, पण नेमाने, असं त्यांचं आवाहन होतं. एकरकमी मोठी देणगी देणाऱ्याला समाधान मोठं मिळतं. पण वर्कशॉपला फिटर दर महिन्याला पगारावर ठेवायचा असतो, आणि तो देणगीच्या भरवशावर ठेवता येत नाही. दरमहा थोडे देणारे दोनशे जण असले की ठेवता येतो. म्हणून हातात एकदाच मोठी रक्कम आली असेल आणि शेड, छप्पर किंवा बॉयलर असं ठरलेलं काम समोर असेल तरच एकरकमी द्यावी. एरवी दरमहा.

शेअर हा प्रकार ब्रिटनमधल्या वारसा रेल्वेंमध्ये, म्हणजे जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या लाइन्समध्ये, चालतो. नाव शेअरचं असलं तरी लाभांशाची अपेक्षा धरू नका. प्रवासाच्या सवलती आणि सभेत एक मत, एवढंच बहुधा पदरात पडतं. मताला किंमत आहे, पण गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर पैसे दुसरीकडे ठेवा.

तिकीट काढणं ही मदत नाही असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जिथे इंजिनं सरकारी मालकीची आहेत तिथे तर बाहेरच्या माणसाला तीच सरळ वाट. दार्जिलिंगला वाफेची फेरी आणि डिझेलची फेरी दोन्ही मिळतात. वाफेची महाग असते, पण तिचं आरक्षण भरलेलं दिसलं तरच ती वेळापत्रकात राहते. हरियाणातल्या रेवाडीच्या १८९३ सालच्या इंजिन शेडमध्ये माणसं बघायला जातात म्हणून तिथली इंजिनं पुसली जातात. खासगी लाइनवर तिकीट काढताना एवढं लक्षात ठेवा की कोळसा आता सहज मिळत नाही. वेल्समधली फॉस-ई-फ्रानची खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली आणि ब्रिटनमधल्या लाइन्सना कोळसा बाहेरून आणावा लागतोय. कोलोरॅडोतल्या डुरँगो-सिल्व्हरटन मार्गाने वणव्याच्या धोक्यापायी इंजिनं तेलावर नेली. तिकिटाचे दर वाढले म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हेही बघावं.

पैसा की वेळ

१९५१ मध्ये वेल्सची टॅलीलिन रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. असा प्रयोग जगात पहिलाच. आजही बहुतेक लाइन्स याच बळावर उभ्या आहेत. जवळपास अशी लाइन असेल आणि महिन्यातले एकदोन दिवस देता येत असतील, तर माझ्या मते पैशापेक्षा वेळच द्यावा. फक्त पहिल्याच दिवशी इंजिनावर चढायला मिळेल असं समजू नका. आधी क्लीनर: तेलाची चिंधी घेऊन चाकं पुसायची, स्मोकबॉक्समधली राख उपसायची, राखपात्राखाली वाकायचं. मग फायरमन, म्हणजे इंजिनाची आग सांभाळणारा, मग कधीतरी ड्रायव्हर. त्यात वर्षं जातात. ज्यांना एवढा दम नाही त्यांच्यासाठी पैसे भरून चालवायला शिकण्याचे वर्ग असतात. पोलंडमधल्या वोल्श्टिनला तर बाहेरचे शौकीन पैसे भरून नेहमीच्या प्रवासी गाड्यांवर शिकत आणि त्या पैशाने वाफेची सेवा तगली. इंजिनाशी थेट काम नको असेल तर रुळांकडेची झुडपं तोडायला, तिकीट खिडकीवर बसायला, हिशेब लिहायला माणसं कायम कमी असतात. हिशेब लिहिणारा मिळाला तर लोक फायरमनपेक्षा जास्त खूश होतात, हे कुणी उघड बोलत नाही इतकंच.

देण्याआधी काय विचारावं

इंजिनाचा मालक कोण, हे आधी. 'फ्लाइंग स्कॉट्समन' १९६३ मध्ये ॲलन पेग्लर यांनी स्वतःच्या पैशाने वाचवलं, १९६९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं आणि १९७२ मध्ये ते दिवाळखोर झाले. इंजिन परक्या किनाऱ्यावर अडकलं. १९७३ मध्ये विल्यम मॅकअल्पाइन यांनी विकत घेतलं म्हणून ते परत आलं. एका माणसाच्या मालकीचं इंजिन कितीही प्रेमाने सांभाळलेलं असो, त्याच्या अडचणीत तेही सापडतं. विश्वस्त संस्था असेल तर तिचे मागच्या काही वर्षांचे हिशेब मागा, आणि पुढच्या बॉयलर दुरुस्तीसाठी दर वर्षी किती बाजूला टाकतात ते बघा. काहीच टाकत नसतील तर आजचं चालतं इंजिन मुदत संपल्यावर ताडपत्रीखालीच जाणार. आणि संस्था बंद पडली तर इंजिन कुणाकडे जाईल हे घटनेत लिहिलेलं आहे का, तेही वाचून घ्या. लिहिलेलं नसेल तर दरमहा वर्गणीचा अर्ज भरण्याआधी ते लिहून घ्यायला सांगा.