पिना मारून की पिनांशिवाय? पट्ट्यांची लाकडी कयाक बांधण्याआधी करायचा विचार

पट्ट्यांची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद नाव, बांधताना साधारण 6 मिलिमीटर जाड आणि 19 मिलिमीटर रुंद अशा लांब पट्ट्या प्लायच्या फर्म्यांवरून (नावेच्या आडव्या छेदाच्या आकाराचे साचे) वळवत, एकीच्या कडेला दुसरी चिकटवत जावे लागते. कवच पूर्ण झाले की त्यावर आतून आणि बाहेरून फायबर ग्लासचे कापड आणि इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारी राळ) चढते. फर्मे साधारण दर 30 सेंटिमीटरवर उभे असतात आणि फेविकॉल धरेपर्यंत प्रत्येक पट्टीला या फर्म्यांशी घट्ट बसवून ठेवावे लागते. हे दोन प्रकारे करता येते. एकात स्टेपल गनने प्रत्येक फर्म्यावर पिन मारतात आणि नंतर ती उपसून काढतात. दुसऱ्यात पिन न वापरता क्लॅम्प, पाचर, रबरी पट्टे आणि चिकटपट्टी यांच्यावर काम निभावतात. निर्णय प्लाय कापण्याआधीच घ्यावा, कारण क्लॅम्पचा जबडा अडकवण्यासाठी फर्म्याच्या कडेपासून थोडे आत गाळे पाडावे लागतात आणि एकदा फर्मे उभे राहिले की ते नीट पाडता येत नाहीत.

मजबुतीचा प्रश्न आधीच बाजूला ठेवतो. पिनांच्या छिद्रांत इपॉक्सी उतरते, वरून कापड येते आणि नावेचा भार त्या कापडाच्या दोन थरांनी आणि मधल्या लाकडाने मिळून पेललेला असतो. पिना मारलेली कयाक कमकुवत असते, ही समजूत चुकीची आहे.

खरा फरक दिसण्यात आहे आणि तो लहान नाही. सुमारे पाच मीटर लांबीच्या कयाकीला डेक (नावेची वरची बाजू) धरून 70 ते 80 पट्ट्या लागतात आणि एक पट्टी पंधराएक फर्म्यांवरून जाते, म्हणजे पिनांची संख्या हजाराच्या आसपास भरते. प्रत्येक पिनेमागे दोन बारीक छिद्रे राहतात. पारदर्शक वॉर्निशखाली ही छिद्रे प्रत्येक फर्म्याच्या जागी सरळ आडव्या ओळीत उमटतात आणि ऊन तिरपे पडले की लाकडाच्या रेषांआधी डोळा त्यांच्यावरच जातो. पिनेच्या पाठीने लाकडावर उमटलेला दाब ओल्या फडक्याने बराचसा वर येतो. छिद्र मात्र राहतेच. त्यातही पिना लोखंडी असतील आणि काम पावसाळ्यात रेंगाळले, तर दमट हवेत पिनेभोवती काळा डाग धरतो, जो घासूनही पूर्ण जात नाही. पिनेखाली पार्सल बांधायच्या प्लास्टिक पट्टीचा तुकडा ठेवल्यास दाब उमटत नाही आणि ती पट्टी ओढली की पिनही सहज उचलली जाते. पिनांचा मार्ग घेणाऱ्याने एवढे तरी करावेच. तळाला रंगच द्यायचा असेल, तर हा सगळा परिच्छेद आपल्यासाठी गैरलागू आहे.

आकाराच्या बाबतीत पिनांविना केलेले काम मला अधिक प्रामाणिक वाटते. पिन पट्टीला प्रत्येक फर्म्यावर जबरदस्तीने टेकवते. एखादा फर्मा मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे-मागे झाला असेल, तर ती चूक पट्टीत उतरते आणि तळावर हात फिरवला की लाट जाणवते. क्लॅम्पने धरलेली पट्टी आपला स्वाभाविक वळसा घेते, आणि ती एखाद्या फर्म्यापासून सुटून राहू पाहत असेल, तर तो फर्मा तपासायला हवा हे तेव्हाच कळते. उलट नावेच्या दोन्ही टोकांशी पट्टीला पीळ द्यावा लागतो. तिथे क्लॅम्प घसरतात, पाचरी निसटतात आणि एका माणसाचे दोन हात खरोखर अपुरे पडतात. अशा ठिकाणी दोन-चार पिना मारल्याने काही बिघडत नाही.

वेळेचा हिशेब सरळ आहे. पिनांनी एका बैठकीत एकावर एक अनेक पट्ट्या चढवता येतात आणि रोज चार-पाच तास देणाऱ्याचे कवच दोन-तीन आठवड्यांत उभे राहू शकते. अर्थात नंतर पिना उपसण्याचे कंटाळवाणे काम उरतेच. पिनांशिवाय मात्र एका बाजूची पट्टी धरेपर्यंत त्याच बाजूला पुढची लावता येत नाही, त्यामुळे रोज प्रत्येक बाजूला एक असा वेग धरला तर 35 ते 40 संध्याकाळी लागतात. नोकरी किंवा शेती सांभाळून तासभरच काढू शकणाऱ्याला हा वेग उलट सोयीचा आहे. क्लॅम्प विकत घेण्याचा खर्च जड वाटत असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूब उभ्या चिरून केलेले पट्टे उत्तम काम देतात: एक टोक फर्म्यावरच्या खिळ्याला अडकवायचे, पट्टा ताणून पट्टीवरून घ्यायचा आणि दुसरे टोक पलीकडच्या खिळ्याला. रबराचा ताण सतत राहत असल्यामुळे लाकूड थोडे आकसले तरी सांधा उघडत नाही. फर्म्याच्या कडेला सेलोटेप लावून ठेवली म्हणजे ओघळलेल्या फेविकॉलने पट्टी फर्म्यालाच चिकटत नाही.

मराठवाड्यात या सगळ्यावर ऋतूची सत्ता चालते, आणि परदेशी माहिती वाचून बेत आखणाऱ्यांच्या नेमके हेच लक्षात येत नाही. पिनांविना काम करणारे अनेक जण ग्लू गनच्या गरम गोंदाचे थेंब देऊन पट्टी फर्म्याला टेकवतात. थंड प्रदेशात ही पद्धत छान चालते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही जास्त, आणि अशा उष्णतेत हा गोंद मऊ पडून ताणातली पट्टी हळूहळू सुटू लागते. फेविकॉलही त्या कोरड्या हवेत झटपट सुकतो: पट्टीच्या पाच मीटरच्या कडेवर तो सोडून एकेक क्लॅम्प आवळत शेवटाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकावर साय धरलेली असते. उन्हाळ्यात काम करणे भागच असेल, तर पिना माराव्यात, कारण तिथे झपाट्यालाच महत्त्व आहे. इपॉक्सीचेही असेच आहे. तापमान 10 अंशांनी वाढले की ती हाताळायला मिळणारा वेळ जवळपास निम्मा होतो, आणि सकाळी चढत्या उन्हात लावली तर लाकडातली हवा फुगून बाहेर पडताना थरात बुडबुडे सोडते. ती दिवस उतरताना लावावी.

म्हणून दिवाळीनंतर लगेच सुरुवात करणाऱ्याने नि:शंकपणे पिनांशिवाय बांधावी. जानेवारीपर्यंत कवच पूर्ण होते, फेब्रुवारीत इपॉक्सीला हवी तशी ऊब मिळते, आणि पावसाळा बरा झालेल्या वर्षी नाथसागर, येलदरी किंवा माजलगावच्या धरणात तेव्हा पुरेसे पाणी असते. नाथसागराच्या परिसरात पक्षी अभयारण्य असल्याने तिथे नाव उतरवण्याआधी परवानगीची चौकशी करावी. संक्रांत उलटल्यावर पट्ट्या चिरायला घेणाऱ्यापुढे मात्र दोनच पर्याय आहेत: पिना मारणे, किंवा पुढच्या दिवाळीपर्यंत थांबणे.

राहता राहिले लाकूड. या कामासाठी जगभर वापरला जाणारा वेस्टर्न रेड सिडार घनमीटरला सुमारे 370 किलो भरतो आणि त्यात पिन लोण्यासारखी शिरते. आपल्या वखारींत सहज मिळणारे, किनवटच्या जंगलातही वाढणारे सागवान सुमारे 650 किलोचे आहे; कवचात जवळपास 0.03 घनमीटर लाकूड जाते असे धरले तर केवळ लाकडाचे वजन 11 ऐवजी 19 किलोंच्या पुढे जाते. सागवानाच्या पातळ पट्टीत हातगनची पिन अर्धवट शिरून वाकते, टोकाजवळ पट्टी चिरतेही, त्यामुळे सागवान घेणाऱ्याने पिनांचा विचारच करू नये. शिवाय सागवानात नैसर्गिक तेल असल्यामुळे चिकटवण्याआधी सांध्याची कड ॲसिटोनने पुसून घ्यावी लागते. पॅकिंगच्या पेट्यांतले पाइन हलके आणि स्वस्त असले तरी गाठींमुळे पाच मीटरची सलग पट्टी क्वचितच मिळते, आणि जोड दिलेली पट्टी वळताना जोडाशीच ताठ राहते. तिला पिनेनेच बसवलेले बरे.

ज्यांचे मन दोन्हीकडे ओढते, त्यांना मी तळाला पिना आणि डेकला क्लॅम्प असे सुचवेन. तळ पाण्यात असतो, दगडा-वाळूवर घासतो आणि त्याला रंग दिला तरी कोणी नावे ठेवत नाही. डेक मात्र वल्हवताना सतत डोळ्यांसमोर असतो. अशा वेळी गाळे फक्त फर्म्यांच्या डेककडच्या कडेला पाडावेत.